फ्रान्सच्या खेड्यातील जुन्या दगडी घरात मुक्काम: करारापासून किल्ली परत देईपर्यंत

फ्रान्सच्या ग्रामीण भागात जुनी शेतघरे, पाणचक्क्या, पाद्र्यांची निवासस्थाने, कबुतरखान्यांचे मनोरे आणि तंबाखू वाळवण्याची कोठारे डागडुजी करून सुट्टीपुरती भाड्याने दिली जातात. अशा घराला तेथे ‘झीत’ म्हणतात. नातेवाइकांच्या आणि परिचितांच्या अशा मुक्कामांची जुळवाजुळव करताना माझ्या लक्षात आले की अडचणी बहुधा घरामुळे येत नाहीत, कामांचा क्रम चुकल्यामुळे येतात. विमानाची तिकिटे आधी निघतात आणि घर कोणत्या वारी ताब्यात मिळते हे नंतर कळते. बॅगा आधी उघडल्या जातात आणि भिंतीवरचा जुना डाग नंतर दिसतो. म्हणून पुढील टप्पे लिहिले आहेत त्याच क्रमाने करावेत. उदाहरणे नैर्ऋत्येकडील दोर्दोन्य जिल्ह्यातील, म्हणजे जुन्या पेरिगोर प्रांतातील आहेत. इतर भागांत घरांची रूपे बदलतात, पद्धत फारशी बदलत नाही.

१. आधी वार ठरवा, मग विमान

जुलै आणि ऑगस्टमध्ये अशी बहुतेक घरे शनिवार ते शनिवार याच हिशेबाने मिळतात. ताबा दुपारी चार-पाचनंतर मिळतो आणि निघण्याच्या दिवशी सकाळी दहापर्यंत घर रिकामे करावे लागते. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्यांनी गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी युरोपात उतरून एक-दोन रात्री पॅरिसमध्ये किंवा नैर्ऋत्येकडील बोर्दो शहरात काढाव्यात आणि शनिवारी दुपारी घराकडे निघावे. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी पाचशे किलोमीटर गाडी चालवण्याचा बेत कोणीही करू नये.

मराठी कुटुंबांच्या सुट्ट्या तेथील हंगामाशी जुळत नाहीत, हेही आधी लक्षात घ्यावे. मे महिना हवेच्या दृष्टीने सुखद असतो, परंतु १ मे, ८ मे आणि येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार या सुट्ट्यांना जोडून फ्रेंच लोक लांब रजा घेतात, त्यामुळे चांगली घरे लवकर जातात. दिवाळीच्या सुट्टीत घर स्वस्त मिळते, पण दिवस लहान असतो, जाड भिंती गार पडलेल्या असतात आणि घर तापवण्याचा खर्च वेगळा द्यावा लागतो. ज्यांना निवड करता येते त्यांनी जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासा: घराच्या पानावर ताबा मिळण्याचा वार, वेळ आणि किमान रात्रींची संख्या या तिन्ही गोष्टी वाचल्याशिवाय विमानाचे एकही तिकीट पक्के करू नका.

२. घराच्या वर्णनातील शब्द नीट वाचा

छायाचित्रांवर विसंबून घर निवडणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. छायाचित्रात जिना दिसत नाही, दिसला तरी त्याची चढण कळत नाही. वर्णनातील पुढील शब्द शोधावेत, कारण ते सहसा प्रामाणिकपणे लिहिलेले असतात.

‘एस्कालिए द मेनिये’ म्हणजे चक्कीवाल्याचा जिना. तो जवळजवळ शिडीसारखा उभा असतो आणि उतरताना तोंड जिन्याकडे ठेवून उतरावे लागते. ‘एस्कालिए आ व्हिस’ म्हणजे मनोऱ्यातला गोल दगडी जिना, ज्याच्या पायऱ्या एका बाजूला निमुळत्या होत जातात. माझ्या आईने असा जिना पाहिल्यावर आठवडाभर बैठकीच्या खोलीतच झोपणे पसंत केले. दोष पूर्णपणे माझा होता, कारण तो शब्द वर्णनात होता. घरात ज्येष्ठ व्यक्ती असतील तर ‘रे-द-शोसे’, म्हणजे तळमजला, येथे एक शयनकक्ष आणि तेथेच न्हाणीघर व शौचालय आहे का, हे लेखी विचारावे.

‘आं आंफिलाद’ असे लिहिलेले शयनकक्ष एकातून दुसऱ्यात जाणारे असतात, म्हणजे आतल्या खोलीत जाणाऱ्याला बाहेरच्या खोलीतील पलंगाजवळून जावे लागते. दोन जोडपी असतील तर असे घर घेऊ नये. ‘मितोयाँ’ म्हणजे शेजाऱ्याशी भिंत सामाईक आहे. ‘आठ जणांची झोपण्याची सोय’ या आकड्यात बैठकीतील सोफाही मोजलेला असू शकतो, आणि ‘१४०’ असे लिहिलेला पलंग १४० सेंटिमीटर रुंद असतो, जो दोन मोठ्या माणसांना अरुंद वाटतो. ‘शांब्र दोत’ म्हणजे मालकाच्या घरातील खोली व न्याहारी. ते संपूर्ण घर नव्हे.

दर्जाच्या खुणांचाही अर्थ समजून घ्यावा. झीत द फ्रान्स या संघटनेची गव्हाची कणसे आणि सरकारी वर्गीकरणातील तारे, दोन्ही १ ते ५ या श्रेणीत असतात आणि दोन्ही सोयी मोजतात, घराचे वय किंवा डागडुजीचा कस मोजत नाहीत. तीन कणसांचे घर पाच कणसांच्या घरापेक्षा जास्त जुने आणि जास्त जिव्हाळ्याने सांभाळलेले असू शकते.

वातानुकूलन नाही म्हणून घर नाकारण्यापूर्वी कारण जाणून घ्यावे. संरक्षित वास्तूच्या परिसरात, जो सर्वसाधारणपणे ५०० मीटरपर्यंत धरला जातो, घराच्या बाहेरच्या रूपात बदल करायचा तर सरकारी वास्तुविशारदाची संमती लागते. त्यामुळे वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा खोका, दुहेरी काचेच्या नव्या खिडक्या किंवा डिश अँटेना लावणे मालकाच्या हातात नसते. उन्हाळ्यात घर गार कसे ठेवायचे ते आठव्या टप्प्यात सांगितले आहे.

सावधान: पोहण्याचा तलाव असेल तर सुरक्षेची कोणती व्यवस्था आहे ते विचारा. ३ जानेवारी २००३ च्या कायद्यानुसार जमिनीत बांधलेल्या खासगी तलावांना कुंपण, आच्छादन, छप्पर किंवा धोक्याची घंटा यांपैकी एक व्यवस्था बंधनकारक आहे. केवळ घंटा असेल आणि सोबत लहान मुले असतील तर मी ते घर घेत नाही, कारण घंटा मूल पाण्यात पडल्यावर वाजते.

३. भाडेकरार: सही करण्यापूर्वीचा अर्धा तास

मालकाशी थेट व्यवहार असेल तर लेखी करार आणि घराचे वर्णनपत्र मागणे हा तुमचा हक्क आहे. करार बहुधा फ्रेंचमध्ये असतो, म्हणून पुढील शब्द स्वतः शोधावेत.

पहिला शब्द आगाऊ रकमेचा. ती रक्कम ‘आर्र’ म्हणून घेतली असेल तर तुम्ही मुक्काम रद्द केल्यास ती बुडते, परंतु पुढची देणी राहत नाहीत; मालकाने रद्द केल्यास त्याला दुप्पट रक्कम परत करावी लागते. तीच रक्कम ‘आकोंत’ म्हणून घेतली असेल तर व्यवहार दोघांवरही पक्का बंधनकारक होतो आणि रद्द करणाऱ्या पाहुण्याकडून पूर्ण भाडे मागितले जाऊ शकते. भारतातून जाणाऱ्यांच्या बाबतीत व्हिसा मिळेलच याची खात्री नसते, म्हणून हा फरक निर्णायक आहे. व्हिसा नाकारला गेल्यास, नकारपत्र दाखवल्यावर रक्कम परत मिळेल असे एक वाक्य करारात घालून घ्यावे. विनंती सभ्यपणे आणि आरंभीच केली तर बरेच मालक मान्य करतात. पैसे पाठवल्यानंतर ती मान्य होणे अवघड असते. ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत मागे घेण्याची जी सवलत युरोपात मिळते, ती ठरावीक तारखांच्या निवासाच्या आरक्षणाला लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी बाब अनामत रकमेची. फ्रेंच मालक अनेकदा ती तेथील बँकेच्या धनादेशाने मागतात आणि तो न वटवता मुक्कामाअखेर परत देतात. आपल्याकडे असा धनादेश नसतो. म्हणून कार्डावर रक्कम रोखून ठेवणे, बँकेतून आधी पाठवणे किंवा ताबा घेताना रोख देऊन पावती घेणे, यांपैकी काय चालेल ते आधीच ठरवावे. दारात उभे राहून हा प्रश्न निघाला तर दोन्ही बाजूंना संकोच होतो.

तिसरी बाब भाड्याबाहेरच्या खर्चांची. चादरी-टॉवेल (‘लँझ द मेझों’), अखेरची साफसफाई (‘मेनाज’), ठरावीक मर्यादेपलीकडील वीज, घर तापवण्याचे इंधन आणि जळाऊ लाकूड यांचे दर वेगळे असू शकतात. लाकूड ‘स्तेर’ या मापाने मिळते. रचलेल्या लाकडाचा एक घनमीटर म्हणजे एक स्तेर. याशिवाय मुक्काम-कर प्रौढांना दर रात्री लागतो, १८ वर्षांखालील मुलांना तो माफ असतो. चादरींचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण न विचारता गेलेल्या कुटुंबाला पहिल्या रात्री गाद्यांवर काहीच अंथरलेले नाही असे आढळते, आणि त्या वेळी गावात एकही दुकान उघडे नसते.

भारतातून पैसे पाठवताना मधल्या बँका आपले शुल्क कापतात आणि मालकाच्या खात्यात काही युरो कमी जमा होतात. सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे राहील असा पर्याय बँकेत निवडावा आणि शिल्लक भाड्याच्या मुदतीपूर्वी किमान आठवडाभर आधी रक्कम रवाना करावी.

तपासा: करारात सर्व प्रवाशांची नावे पासपोर्टप्रमाणे, घराचा पूर्ण पत्ता, तारखा, एकूण भाडे आणि मालकाची सही आहे का? पुढच्या टप्प्यात हाच कागद लागतो.

४. व्हिसा

घर पक्के झाले की लगेच व्हिसाच्या भेटीची वेळ घ्यावी. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे फ्रान्ससह बहुतेक युरोपीय देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात मे-जूनच्या प्रवासासाठी भेटीच्या वेळा लवकर संपतात. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांखालील मुलांना ४५ युरो आणि त्याहून लहानांना माफ. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. एकाहून अधिक देश फिरणार असाल तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करावा.

येथे नेहमीची चूक अशी: भाड्याच्या घराचा केवळ आरक्षणाचा ईमेल जोडला जातो, त्यात फक्त एकाच व्यक्तीचे नाव असते, आणि बाकीच्या पाच जणांच्या निवासाचा पुरावाच उरत नाही. सही केलेला करार आणि भरलेल्या रकमेची पावती प्रत्येकाच्या अर्जाला स्वतंत्रपणे जोडावी. घराच्या आधीच्या व नंतरच्या हॉटेलमधल्या रात्रींचे आरक्षणही जोडावे. मध्ये एकही रात्र मोकळी राहू देऊ नये.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. रांगेला वेळ लागू शकतो, म्हणून विमानतळावर उतरल्यापासून पुढच्या गाडीपर्यंत चांगला अवधी ठेवावा.

५. गाडी आणि पत्ता

पॅरिसहून बोर्दोला वेगवान रेल्वेने दोन तासांच्या थोडे वर वेळ लागतो. तेथून पुढे घरापर्यंत स्वतःची गाडी नसेल तर खेड्यात मुक्काम जवळजवळ अशक्य आहे. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा; तो एक वर्षच चालतो आणि सोबत मूळ परवानाही ठेवावा लागतो. गाडी स्वयंचलित गिअरची हवी असेल तर तसे आधी सांगून ठेवावे, कारण तेथे हाताने गिअर बदलण्याच्या गाड्याच जास्त मिळतात. अनामतीसाठी चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते. पतीच्या नावाची गाडी आणि पत्नीचे कार्ड असे बहुधा चालत नाही.

वाहतूक उजव्या बाजूने असते. मध्ये दुभाजक नसलेल्या ग्रामीण रस्त्यांवर वेगमर्यादा साधारणपणे ताशी ८० किलोमीटर असते. गावाच्या नावाची पाटी दिसली की वेगळा फलक नसला तरी ५० ची मर्यादा सुरू होते, आणि तेच नाव तिरक्या लाल रेघेने खोडलेले दिसले की संपते. गावात चिन्ह नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते, मग तो कितीही लहान गल्लीतून येत असो. भारतीय चालकांची येथेच हमखास चूक होते.

पत्त्याच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी. खेड्यातील काही घरांना रस्त्याचे नाव नसते, केवळ वाडीचे नाव असते, आणि एकाच नावाची गावे फ्रान्समध्ये अनेक आहेत. साँ-सिप्रियाँ दोर्दोन्यमध्ये आहे आणि भूमध्य समुद्रकाठीही आहे. पिन कोडचे पहिले दोन अंक जिल्हा सांगतात. दोर्दोन्यसाठी ते २४ असतात. मालकाकडून अक्षांश-रेखांश मागून घ्यावेत आणि शेवटच्या दहा किलोमीटरचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, कारण दऱ्याखोऱ्यांत फोनला रेंज मिळत नाही.

६. शिधा: काय बांधावे, काय घरीच ठेवावे

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. याचा अर्थ तूप, पेढे, बर्फी, पनीर, मिल्क पावडर यांपैकी काहीही बॅगेत ठेवू नये. अपवाद तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीसारख्या मोजक्या वस्तूंचा आहे. ताज्या फळांना व पाल्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे हापूस आंबे आणि ताजा कढीपत्ता दोन्ही राहू द्यावेत. नारळ, केळी, खजूर, अननस आणि ड्युरियन यांना ही अट नाही. लंडनहून गाडीने निघणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ब्रिटन संघाबाहेर पडल्यापासून दूध आणि मांसाचा हाच नियम लागू होतो, आणि तेच त्यांच्या लक्षात नसते.

नेण्याजोगे ते असे: गोडा मसाला, हळद, हिंग, मोहरी, वाळवलेला कढीपत्ता, पोहे, मेतकूट, भाजणी, कणीक आणि तूरडाळ. तांबडी मसूर, काबुली चणे, बासमती तांदूळ आणि रवा तेथील मोठ्या दुकानांत मिळतात. तूप हवे असेल तर तेथील बिनमिठाचे लोणी आणून मंद आचेवर कढवावे. ते उत्तम होते.

प्रेशर कुकरबद्दल आधी मालकाला शेगडीचा प्रकार विचारावा. इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. कुकरच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच तो उपयोगाचा. काचेची साधी विजेची शेगडी असेल तर सपाट बुडाचे कोणतेही भांडे चालते. आपला तीन पिनांचा प्लग फ्रेंच सॉकेटमध्ये बसत नाही, त्यासाठी तेथील पद्धतीचे दोन ॲडॉप्टर न्यावेत.

७. पहिला तास: बॅगा गाडीतच राहू द्या

मालक किंवा त्याचा माणूस दारात उभा असेल. प्रथम ‘बोंझूर’ म्हणावे, त्यानंतरच कामाचे बोलावे; हा उपचार वगळलेला तेथे उद्धटपणा समजला जातो. मग पुढील क्रम पाळावा.

घराच्या स्थितीची नोंद (‘एता दे लिय’) आणि वस्तूंची यादी हातात घेऊन प्रत्येक खोलीत मालकाबरोबर फिरावे. फुटलेली फरशी, लाकडावरचे वर्तुळाकार डाग, भिंतीवरचे ओरखडे, काचेचे तडे यांची छायाचित्रे काढावीत आणि नोंदीत लिहून घ्यावेत. जुन्या घरात अशा खुणा असणारच. त्या आधीपासून होत्या हे कागदावर असणे महत्त्वाचे. एका मुक्कामात आम्ही थकव्यामुळे ‘सगळे ठीक आहे’ असे लिहून सही केली आणि शेवटच्या दिवशी न्हाणीघरातील टवका गेलेल्या वॉशबेसिनचे पैसे अनामतीतून गेले. ते आम्ही फोडले नव्हते, पण ते दाखवण्यासाठी आमच्याजवळ काही नव्हते.

त्यानंतर मालकाकडून या जागा प्रत्यक्ष पाहून घ्याव्यात: विजेचा मुख्य खटका आणि मीटर (त्याचा आकडा टिपून ठेवावा), पाण्याचा मुख्य नळ, गॅस सिलिंडर, धुराची सूचना देणारे यंत्र, प्रथमोपचाराची पेटी आणि कचऱ्याचे डबे. शेकोटीकडे बोट दाखवून ती चालू आहे की केवळ शोभेची, हे स्पष्ट विचारावे. जुन्या घरांत मोठ्या दगडी शेकोटीचे धुराडे वरून कायमचे बंद केलेले असू शकते, आणि तेथे जाळ केल्यास धूर व विषारी वायू खोलीतच कोंडतो.

तपासा: ११२ हा आपत्कालीन क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता आणि अक्षांश-रेखांश एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. चुन्याच्या भिंतीवर चिकटपट्टी लावू नका, गिलाव्याचा पापुद्रा निघतो. कागद कपाटाच्या दाराला लावा.

आता बॅगा आत आणाव्यात.

८. रोजचा वापर

उष्णता. दगडी भिंतींची जाडी अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त असते. त्या दिवसभर हळूहळू तापतात आणि रात्री हळूहळू निवतात. म्हणून उन्हाळ्यात सकाळी ऊन चढण्यापूर्वी खिडक्या आणि बाहेरची लाकडी दारे (‘व्होले’) दोन्ही बंद करावीत आणि सूर्य मावळल्यावर सर्व उघडून हवा खेळू द्यावी. वारा यावा म्हणून दुपारी खिडक्या उघडणारे आपले पाहुणे दोन दिवसांत घराची भट्टी करून ठेवतात. व्होले उघडी ठेवताना भिंतीवरच्या लोखंडी अडकवणीत पक्की बसवावीत. वादळी वाऱ्यात ती आपटून काच फुटते. रात्री दिवा लावून खिडकी उघडी ठेवू नये, कारण जाळ्या सहसा नसतात आणि गांधीलमाश्या उजेडाकडे येतात.

पाणी. गरम पाण्याची टाकी बहुधा एकच असते आणि अनेक ठिकाणी ती रात्रीच्या स्वस्त विजेवर तापते. टाकी दोनशे लिटरची असेल आणि सहा जणांनी सकाळी ओळीने आंघोळ केली तर शेवटच्याला गार पाणी मिळते. निम्म्यांनी रात्री आंघोळ करावी. न्हाणीघराच्या जमिनीला मोरीसारखा निचरा नसतो, बऱ्याच ठिकाणी खाली लाकडी तुळया असतात. बादली-तांब्याने आंघोळ करायची असेल तर टबमध्ये किंवा शॉवरच्या चौकटीतच बसावे. शौचालयातही जमिनीवर पाणी सांडू देऊ नये. पाणी खालच्या मजल्याच्या छतातून उतरते आणि त्या दुरुस्तीचा खर्च अनामतीपेक्षा मोठा असतो.

सांडपाणी. खेड्यातील घराला बहुधा गटारजोडणी नसते, सेप्टिक टाकी असते. तिच्यातील जिवाणूंवरच सगळे अवलंबून असते, म्हणून ब्लीच ओतू नये. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, उरलेला भात, तळणीचे तेल यांतील काहीही शौचालयात किंवा सिंकमध्ये टाकू नये. तेल गार करून बाटलीत भरावे आणि कचऱ्यात द्यावे.

वीज. जुन्या घरांची जोडणी मर्यादित भाराची असते. ओव्हन, शेगडी आणि कपडे धुण्याचे यंत्र एकाच वेळी लावल्यास मुख्य खटका पडतो. आधी उपकरणे बंद करावीत, मगच खटका वर करावा. पुन्हा पडला तर स्वतः उघडझाप न करता मालकाला फोन करावा.

स्वयंपाक. येथे मी आग्रहाने सांगतो, कारण आपल्या लोकांबद्दल मालकांच्या मनात कटुता राहते ती बहुतेक याच एका कारणाने. शेगडीवरचा धूर खेचणारा पंखा अनेक घरांत हवा बाहेर टाकत नाही, कोळशाच्या गाळणीतून परत खोलीतच सोडतो. खमंग फोडणीचा वास लाकडी तुळयांत आणि पडद्यांत मुरतो. फोडणी करताना शयनकक्षांची दारे लावून घ्यावीत, स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण उघडावी, आणि तळण टाळावे. हळदीचा डाग चुनखडीच्या दगडावर, तेल न पाजलेल्या लाकडावर आणि तांबड्या मातीच्या षट्‌कोनी फरशीवर (‘तोमेत’) कायमचा बसतो. कामाच्या ओट्यावर सुती कापड अंथरावे आणि सांडताच पुसावे. लिंबू, चिंच आणि कोकम यांची आंबट धार चुनखडीच्या दगडाची झिलई खाते. तोमेतची जमीन बादलीभर पाण्याने धुऊ नये, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी. देवापुढे निरांजन लावायचे असल्यास धातूच्या ताटात, दगडी कट्ट्यावर, आणि कोणी जवळ बसले असेपर्यंतच लावावे.

लाकडाची शेगडी. हवेची झडप पूर्ण उघडून बारीक कोरड्या काटक्यांनी सुरुवात करावी, जाळ धरल्यावर मोठा ओंडका घालावा आणि नंतर झडप थोडी कमी करावी. ओले लाकूड, रंग दिलेली फळी, प्लॅस्टिक जाळू नये. राखेत निखारे एक-दोन दिवसही जिवंत राहतात, म्हणून राख झाकणाच्या धातूच्या बादलीतच काढावी. भिंतीतल्या झरोक्यातून गार वारा येतो म्हणून तो कापडाने बुजवू नये. तो हवेसाठीच ठेवलेला असतो.

९. गावाच्या वेळा आणि शाकाहारी ताट

दुकाने साधारणपणे साडेबारा ते अडीच बंद असतात, बेकरीला बहुधा आठवड्यातून एक सुट्टी असते, रविवारी दुपारनंतर काहीच मिळत नाही. म्हणून शनिवारी घराकडे येतानाच रविवारपर्यंतचा भाजीपाला घ्यावा. आठवड्याचे बाजार वारांवर ठरलेले आहेत: सार्ला येथे बुधवार आणि शनिवार, ल ब्यूग येथे मंगळवार, इसिजाक आणि साँ-सिप्रियाँ येथे रविवार. बाजाराला दहाच्या आत पोचावे. उपाहारगृहात दुपारी दीडनंतर आणि रात्री नऊनंतर जेवण मिळण्याची आशा ठेवू नये.

शाकाहाऱ्यांनी पेरिगोरमध्ये विशेष सावध राहावे, कारण येथील स्वयंपाकाचे मूळ स्निग्ध द्रव्य बदकाची चरबी आहे. सार्लाच्या नावाचे लसूण घातलेले बटाटे त्याच चरबीत परततात, लसणाच्या ‘तुरँ’ या सूपमध्येही ती असते, आणि सॅलडवर डुकराच्या मांसाचे तुकडे न सांगता येतात. ‘शाकाहारी’ एवढा शब्द पुरेसा होत नाही. ‘नी व्ह्यांद, नी प्वासों, नी ग्रेस द कानार’, म्हणजे मांस नको, मासे नको, बदकाची चरबी नको, असे तिन्ही सांगावे. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण वापरले जाते, हेही कडक शाकाहाऱ्यांना माहीत असावे. येथील अक्रोडाचे तेल अवश्य घ्यावे, पण ते कच्चेच कोशिंबिरीवर घालावे. फोडणीत ते जळून कडवट होते.

सावधान: सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो. रानातून फिरायला जाताना भडक रंगाचे कपडे घाला आणि ‘शास आं कूर’ अशी पाटी दिसल्यास परत फिरा. परतल्यावर पायांवर गोचिडी तपासा.

१०. निघण्याची तयारी आदल्या दुपारपासून

सकाळी दहाला घर रिकामे करायचे तर आवराआवर आदल्या दुपारीच सुरू करावी. साफसफाईचे पैसे दिले असले तरी भांडी धुणे, फ्रीज रिकामा करणे, शेगडी पुसणे आणि कचरा नेणे हे पाहुण्याचेच काम असते. काच वेगळ्या सार्वजनिक डब्यात, वेष्टने पिवळ्या डब्यात किंवा पिशवीत, आणि खरकटे मालकाने दाखवलेल्या खताच्या पेटीत टाकावे. काही भागांत उरलेल्या कचऱ्याचा डबा मालकाच्या बॅजशिवाय (इलेक्ट्रॉनिक ओळखपट्टीशिवाय) उघडत नाही, म्हणून बॅज आदल्या दिवशीच मागून ठेवावा.

शनिवारी सकाळी सर्वप्रथम विजेच्या मीटरचे छायाचित्र काढावे आणि ताबा घेतानाच्या आकड्याशी ताडून पाहावे. मग मालकाबरोबर पुन्हा सर्व खोल्यांतून फिरून नोंदीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. काही मोडले असेल तर त्याने शोधण्यापूर्वी स्वतः दाखवावे. एक ताटली फुटल्याचे सांगितल्यावर मालकाने हसून हात हलवल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, आणि तीच ताटली कपाटामागे सापडल्यावर चेहरा बदलल्याचेही. मालक येणार नसेल तर प्रत्येक खोलीची चित्रफीत घ्यावी, खिडक्या आणि व्होले बंद करावीत, किल्ली सांगितलेल्या पेटीत ठेवून तिचे छायाचित्र मालकाला पाठवावे, आणि अनामत परत मिळण्याची करारातील तारीख फोनच्या दिनदर्शिकेत नोंदवून मगच गाडी सुरू करावी.